गूगल बुक्सवरील ‘लाइफ’चा संग्रह: मोटारींच्या जुन्या जाहिराती अभ्यासणाऱ्यांसाठी

मोटारींच्या जुन्या जाहिराती जमवण्याची सुरुवात बहुधा सुट्या पानांपासून होते. जुना अंक फोडून त्यातील एकेक जाहिरात प्लास्टिकच्या पाकिटात घालून विकणारे विक्रेते अमेरिकेत पुष्कळ आहेत. ही पाने टपालाने आपल्याकडेही मागवता येतात. परंतु जाहिरात केवळ चौकटीत लावायची नसून तिचा अभ्यास करायचा असेल, तर सुट्या पानावर पैसे खर्च करण्याआधी गूगल बुक्सवर विनामूल्य असलेला ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाचा संग्रह पाहावा, असे माझे ठाम मत आहे. 23 नोव्हेंबर 1936 रोजी सुरू झालेले हे छायाचित्रप्रधान साप्ताहिक 29 डिसेंबर 1972 च्या अंकानंतर थांबले. या सगळ्या काळातील अंक येथे वर्षवार लावलेले आहेत आणि ते केवळ लेखांपुरते नव्हे, तर जाहिरातींसकट पाहता येतात.

जाहिरातींसकट या गोष्टीचे मोल फोक्सवॅगनच्या उदाहरणावरून कळते. डॉयल डेन बर्नबॅक या जाहिरात संस्थेने 1959 मध्ये फोक्सवॅगनच्या बीटल या छोट्या गाडीसाठी काम सुरू केले. मांडणी हेल्मुट क्रोन यांची आणि मजकूर ज्युलियन केनिग यांचा होता. त्यांच्या ‘थिंक स्मॉल’ या जाहिरातीत जवळजवळ सगळे पान मोकळे आहे, वर डावीकडे लहानशी गाडी आहे आणि तळाशी तीन स्तंभांत साधा मजकूर आहे. ‘ॲडव्हर्टायझिंग एज’ या जाहिरात व्यवसायाच्या नियतकालिकाने 1999 मध्ये विसाव्या शतकातील सर्वोत्तम जाहिरातींत तिला पहिले स्थान दिले. ती एकटी पाहिली की फक्त नेटकी वाटते, पण त्या वर्षांतील अंक पानामागून पान उलटत गेले आणि डेट्रॉइटच्या अमेरिकी मोटार कंपन्यांची रंगांनी भरलेली पाने एकामागून एक समोर आली, की ते रितेपण त्या काळच्या वाचकाला किती अनपेक्षित वाटले असेल, हे आपोआप उमगते.

याच काळातील पॉन्टिॲक या अमेरिकी मोटारींच्या जाहिराती मला या संग्रहातील सर्वांत देखण्या वाटतात. आर्ट फिट्झपॅट्रिक गाडी रंगवत आणि व्हॅन कॉफमन पार्श्वभूमी व माणसे रंगवत. चित्राच्या कोपऱ्यात दोघांच्या आद्याक्षरांची सही शोधण्यातही आनंद असतो. 1959 मध्ये पॉन्टिॲकने दोन चाकांमधले आडवे अंतर सुमारे पाच इंचांनी वाढवले आणि चित्रकारांनी तोच गुण पकडून गाडी प्रत्यक्षापेक्षाही रुंद आणि जमिनीलगत बसलेली दाखवली. छायाचित्राला हे साधले नसते. याउलट फोक्सवॅगनच्या 1960 च्या ‘लेमन’ (अमेरिकी बोलीत सदोष गाडी) या जाहिरातीतील छायाचित्रात गाडी निर्दोष दिसते. डॅशबोर्डमधील लहान कप्प्यावरील (ग्लव्ह बॉक्स) क्रोमची पट्टी किंचित डागाळल्यामुळे ती गाडी कारखान्याने रोखून धरली, हे खालचा मजकूर वाचल्यावरच कळते. तपासनीसाचे नाव आणि तपासणीच्या कामावरील 3,389 माणसांचा आकडाही त्या मजकुरात दिलेला आहे.

युद्धकाळातील अंकही अवश्य पाहावेत. फेब्रुवारी 1942 मध्ये अमेरिकेत खासगी मोटारींचे उत्पादन थांबले आणि विकायला नवी गाडी नसतानाही कंपन्यांनी जाहिराती चालूच ठेवल्या. ब्यूकच्या पानावर लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान दिसते, तर कॅडिलॅकच्या पानावर रणगाडा. ग्राहकाने नाव विसरू नये, एवढ्यासाठी केलेला हा खर्च सुट्या पानांच्या बाजारात सहसा दुर्लक्षित राहतो, कारण गाडीचे चित्र नसलेल्या पानाला तिथे मागणी कमी असते.

संग्रहाच्या मर्यादा उघड आहेत. ‘लाइफ’चे पान साधारण साडेदहा इंच रुंद आणि जवळपास चौदा इंच उंच असे. तो आकार पडद्यावर जाणवत नाही आणि रंगांबाबतही पडद्यावर विसंबू नये. शोधाची सोय छापील मजकुरासाठी उपयोगी आहे, पण कुंचल्याने रेखलेली शीर्षके तिच्या हाती लागतीलच असे नाही. म्हणून पाने उलटत जाणे हाच खरा मार्ग. भारतीय जाहिरातींसाठी तर हा संग्रह उपयोगाचा नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ या गाड्या जुळवल्या जात, पण त्यांच्या इथल्या विक्रीच्या जाहिराती आपल्याकडील त्या काळच्या नियतकालिकांतच शोधाव्या लागतील.

कागदाची जागा कागदच घेऊ शकतो, त्यामुळे सुटी पाने घेऊच नयेत, असे मी म्हणणार नाही. मात्र घेताना पानाची मागची बाजू पाहावी. अंकातून काढलेल्या पानाच्या मागे बहुधा दुसरा मजकूर किंवा दुसरी जाहिरात असते. कोरी बाजू दिसली, तर ते नवे पुनर्मुद्रण असल्याची शंका घ्यावी. भिंगाखाली जुन्या चाररंगी छपाईचे ठिपके ठरावीक रचनेत, फुलासारखे बसलेले दिसतात, तर घरगुती इंकजेट छपाईत ते विस्कळीत पसरलेले असतात. दिनांकाची खातरजमा तर संग्रहातूनच करावी. एका विक्रेत्याकडून मी घेतलेल्या प्लिमथच्या पानावर त्याने 1957 असे लिहून दिले होते, पण तेच पान संग्रहात 1956 च्या शरद ऋतूतील अंकात सापडले. अमेरिकी कंपन्या पुढील वर्षाची गाडी आदल्या वर्षीच बाजारात आणत, त्यामुळे गाडीचे वर्ष आणि अंकाचे वर्ष यांची गल्लत सर्रास होते. ‘सडनली, इट्स 1960’ अशी प्लिमथची त्या मोसमातील घोषणा होती. गाडी तीन वर्षे पुढची असल्याचा तो दावा नेमका कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या प्रतिस्पर्ध्यांच्या शेजारी केला गेला, हे सुट्या पानावरून कधीच कळले नसते.

नवख्याने 1955 ते 1960 या वर्षांतील सप्टेंबर ते नोव्हेंबरचे अंक आधी काढावेत. नवी मॉडेले त्याच सुमारास जाहीर होत असल्याने मोटारींच्या जाहिराती तेव्हा सर्वाधिक दाट आढळतात. पाहताना अंकाचा दिनांक, पान क्रमांक आणि समोरच्या पानावर काय आहे, एवढी नोंद वहीत करत गेल्यास पुढे सुटे पान विकत घेताना तीच वही उपयोगी पडेल.