अश्वगंधा घ्यायची तर कॅप्सूल की गोळी? डबीवर एफएसएसएआय बघू की आयुर्वेदिक परवाना?

मेव्हण्याचा परवा फोन आला, "दाजी, अश्वगंधा चालू करावी म्हणूलालोय, ऑनलाइनची कॅप्सूल घेऊ की दुकानातली आयुर्वेदिक गोळी?" फोनवर सगळं अर्धवटच झालं म्हणून आता नीट लिहितो, अजून कोण या दोन्हीत अडकलं असेल तर बघा. अश्वगंधा म्हणजे काय, कशाला घेतात ते सांगत बसत नाही. मी डॉक्टर नाही की वैद्य नाही, दोन्ही विकत घेऊन दोन्ही खाल्लेला माणूस आहे एवढंच.

मूळ एकच, कायदे दोन, इथंच घोळ आहे. कॅप्सूलच्या डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी नंबर असतोय, म्हणजे सरकारच्या हिशोबानं ती खायची वस्तू, बिस्किटाच्या पंगतीतली. न्यूट्रास्युटिकलचे, म्हणजे पूरक आहाराचे, नियम तिला लागू, आणि त्या नियमामुळंच मागं लिहावं लागतंय की हे औषधी वापरासाठी नाही. पुढच्या बाजूला मात्र झोप, ताण, ताकद, पैलवानाचं चित्र, सगळं असतंय. गोळीच्या डबीवर सरळ आयुर्वेदिक औषध असं लिहिलेलं, खाली उत्पादनाचा परवाना नंबर, तो १९४० च्या औषध कायद्याखालचा.

ऐकायला गोळी एकदम भारी वाटते, खरं तिथंही सगळं छान आहे असं नाही. शास्त्रोक्त औषधाला ग्रंथातला आधार दाखवला की काम होतंय, ॲलोपॅथीच्या नव्या औषधासारखी माणसांवरची ट्रायल लागत नाही. आणि आयुर्वेदिक औषध विकायला दुकानदाराला वेगळं लायसन्सच लागत नाही, म्हणून तर आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं चूर्ण कपडे धुवायच्या साबणाशेजारी ठेवलेलं असतंय. जड धातूंची भीतीही काय खोटी नाही. २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तर १४ मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं. त्यामुळं धातूंचं भस्म घातलेलं काहीही मी स्वतःच्या मनानं घेत नाही, एकट्या मुळाचं असेल तरच.

आपल्या सीमाभागात अजून एक गंमत. आयुर्वेदिक औषधाचा परवाना राज्य देतंय. कर्नाटकात बनलं तर बेंगळुरूचं आयुष खातं, आणि तेच शिनोळीच्या पलीकडं चंदगड तालुक्यात बनलं तर महाराष्ट्राचं एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन. गाडीवर अर्ध्या तासाचं अंतर, खरं ऑफिस वेगळं, भाषा वेगळी, सीमावाद औषधाच्या डबीतपण आहे म्हणा की. उलट एफएसएसएआयचा नंबर त्यांच्या साईटवर टाकला की कुठल्याही राज्यातल्या कंपनीचा परवाना चालू आहे की नाही कळतंय. हा मार्क कॅप्सूलला द्यायलाच पाहिजे.

आता माझं कुठं बिनसलं ते सांगतो. मला थायरॉईड आहे, सकाळी उपाशीपोटी गोळी, आठ वर्षं झाली. कॅप्सूल सुरू केली तेव्हा डॉक्टरांना सांगितलं नाही, झाडपाल्याचंच की म्हणून. दोन-अडीच महिन्यांत छातीत धडधड, झोप उडाली (घेतलेली झोपेसाठीच!), रक्त तपासलं तर टीएसएच एकदम खाली (थायरॉईडचं हार्मोन जास्त झालं की हा आकडा उतरतोय). अश्वगंधेनं थायरॉईडचं हार्मोन वाढू शकतंय हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. कॅप्सूलमुळंच झालं असं छातीवर हात ठेवून सांगणार नाही, त्या महिन्यात घरात लग्न होतं, धावपळही होती. खरं डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, "रोज किती जाते पोटात?" मी डबी पुढं केली.

पुढं मोठ्या अक्षरात १५०० मिग्रॅ. मागं बारीक अक्षरात, एक सर्व्हिंग म्हणजे दोन कॅप्सूल. त्याखाली अर्क ३०० मिग्रॅ, इतक्या मुळाच्या बरोबरीचा. मग १५०० एका कॅप्सूलचे की दोन्हीचे, मूळ की अर्क, आणि त्यात विथानोलाइड, म्हणजे अश्वगंधेतलं कामाचं द्रव्य, किती टक्के? ते टक्के जिथं असणार नेमका तिथंच ऑनलाइनवाल्यांचा किमतीचा स्टिकर, नखानं काढायला गेलो तर अक्षरं पण निघाली. अर्क मुळाचाच की पानाचापण, तेही नाही. आयुष मंत्रालयानं २०२१ मध्ये आपल्या औषध कंपन्यांना पानं वापरू नका, मूळच वापरा म्हणून सांगितलंय, म्हणजे प्रश्न काय अगदीच उगाच नव्हता. डॉक्टर मोबाईलचा टॉर्च लावून डबी फिरवूलालेत आणि मी शाळेत पाढा विसरलेल्या पोरासारखा उभा. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिसऱ्यांदा उत्तर आलं, "सर, नॅचरल है, कुछ नहीं होता."

त्यात मिरीचा अर्कपण होता, शोषण वाढावं म्हणून. मिरीतल्या पिपरीननं हळदीतल्या कर्क्युमिनचं शोषण कितीतरी पटीनं वाढतंय हे १९९८ साली आपल्या बेंगळुरूच्याच संशोधकांनी दाखवलेलं. मग माझ्या रोजच्या इतर गोळ्यांचं काय होत असेल, कोण सांगणार?

गोळीच्या डबीवर बघा, प्रत्येक गोळीत अश्वगंधा मूळ चूर्ण २५० मिग्रॅ, शेजारी लॅटिन नाव विथानिया सोम्निफेरा, झालं. दोन घेतल्या तर अर्धा ग्रॅम, हिशोब कुणालाही येतोय. ते लॅटिन नावही इकडं कामाचं आहे, आजी म्हणायची आस्कंद, शेजारच्या आक्का कन्नडात म्हणतात हिरेमद्दु, तिघं एकाच मुळाबद्दल बोलतोय हे कळायला तेवढा एकच पुरावा. पेठेतली सुटी पावडर मात्र मी बाजूलाच ठेवली, कागदाच्या पुडीवर काय वाचणार?

कॅप्सूल बंद केली, दोन महिन्यांनी टीएसएच जागेवर आलं. मग वैद्यांना दाखवून, थायरॉईडच्या डॉक्टरांना सांगून रात्री एकच गोळी चालू केलीय, तपासणी दर तीन महिन्यांनी. झोप थोडी बरी वाटते, गोळीमुळं की मोबाईल नऊला बंद करतोय त्यामुळं, देव जाणे. ज्यांना थायरॉईड, शुगर किंवा लिव्हरचं काही आहे, किंवा घरात कोण गरोदर आहे, त्यांनी विचारल्याशिवाय दोन्हीतलं काहीच घेऊ नये. बाकी ज्यांना चूर्णाची चव आणि वास सोसत नाही त्यांना कॅप्सूल सोयीची पडेलही, चांगल्या लेबलवाल्या असतीलच की.

मेव्हण्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "होय दाजी, खरं पंधराशेवालीवर सेल लागलाय." म्हटलं आधी डबीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. पाठवलाय, स्टिकरसकट.