सॉफ्टवेअरची पुस्तिका आणि धरमपेठेतील मुद्रितशोधन सेवा

पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या नागपुरातील एका लहान कंपनीत वापरपुस्तिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. यंदाची ८४ पानांची मराठी पुस्तिका छपाईला देण्यापूर्वी आम्ही धरमपेठेतील एका मुद्रितशोधन कार्यालयाकडून तपासून घेतली. दोनच माणसांचे हे कार्यालय एरवी प्रबंध आणि दिवाळी अंक तपासते. सॉफ्टवेअरची पुस्तिका त्यांच्याकडे प्रथमच आली होती. दर पानाला ४० रुपये होता, मुदत बारा दिवसांची होती आणि काम अकराव्या दिवशी हातात आले.

त्यांनी शोधलेली सर्वांत मोलाची चूक माझीच होती. आमच्या पडद्यावर ‘नोंद’ आणि ‘नोंदी’ अशी दोन बटणे शेजारीशेजारी आहेत. पहिल्याने नवा व्यवहार लिहिता येतो, दुसऱ्याने जुन्या व्यवहारांची यादी उघडते. मागील आवृत्तीत मी सरळ ‘नोंदीवर क्लिक करा’ असे लिहिले होते, आणि काटोलच्या शाखेतील कारकुनाचा फोन आला होता, “मॅडम, पुस्तकात लिहिलंय तसंच करतोय, पण दर वेळी यादीच उघडते. पावती लिहू कुठे?” प्रत्यय लागताच शब्दाचे रूप बदलते आणि ‘नोंद’ व ‘नोंदी’ दोन्हींचे ‘नोंदीवर’सारखे एकमेकांत मिसळणारे रूप वाचकासमोर येते, हे मला तेव्हा सुचले नव्हते. मुद्रितशोधकांनी सगळीकडे ‘नोंद’ या बटणावर क्लिक करा, अशी रचना केली: बटणाचे नाव अवतरणचिन्हांत पडद्यावर आहे तसेच, आणि प्रत्यय ‘बटण’ या शब्दाला. एकाही पानावर ही शिस्त सुटलेली नाही.

‘करा’, ‘करावे’ आणि ‘केले जाते’ यांची खिचडीही त्यांनी निवडली. माझे एक वाक्य असे होते: ‘बॅकअप घेतला गेल्याची खात्री केल्याशिवाय वर्षअखेरची प्रक्रिया सुरू केली जाऊ नये अन्यथा नोंदी नष्ट होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ ते असे होऊन परत आले: ‘आधी बॅकअप घ्या. तो पूर्ण झाल्याचा संदेश दिसल्यावरच वर्षअखेरची प्रक्रिया सुरू करा. अन्यथा चालू वर्षाच्या नोंदी नष्ट होतील.’ शेजारी समासात प्रश्न होता: ‘होतील की होऊ शकतील? अर्थ बदलतो, कृपया कळवावे.’ उत्तर मलाही ठाऊक नव्हते. ते प्रोग्रामरला विचारावे लागले. ‘होतील’ हेच बरोबर निघाले.

‘टीप’ या शब्दापुढे अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टंकित झाला होता, तोही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. कागदावर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे असल्यामुळे पीडीएफमध्ये शोध घेतला की निम्म्या टिपा सापडत नसत.

तक्रारी दोन आहेत आणि पहिली गंभीर आहे. परिशिष्टातील लिनक्स सर्व्हरच्या कमांडही, म्हणजे संगणकावर जशाच्या तशा टंकायच्या आज्ञाही, त्यांनी गद्यासारख्याच तपासल्या. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे झाली, लागोपाठची दोन संयोगचिन्हे जाऊन एक लांब रेघ आली आणि शेवटी पूर्णविराम पडला. छापील पान देखणे दिसत होते. त्यातली कमांड मात्र चालत नव्हती. यातला काही वाटा वर्डच्या आपोआप होणाऱ्या दुरुस्तीचा असेल, पण कमांडला हात लावायचा नाही हे तपासणाऱ्याला ठाऊक असायला हवे, आणि ते सांगून ठेवणे हे माझे काम होते, हेही मान्य करते.

दुसरी तक्रार म्हणावी की नाही, याविषयी मी साशंक आहे. आमच्या सॉफ्टवेअरमधील एका बटणावर ‘स्विकारा’ असे अशुद्ध लिहिलेले होते. त्यांनी पुस्तिकेत ‘स्वीकारा’ केले. भाषा शुद्ध झाली, पण पुस्तिका आणि पडदा यांची फारकत झाली. मराठी शुद्धलेखनाचे १९६२ मधील चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार नियम या कार्यालयाला तोंडपाठ आहेत, परंतु संगणकाच्या पडद्यावरच चूक असेल तर पुस्तिकेत काय छापावे, हे त्या नियमांत कुठून असणार? आम्ही अखेर बटणच सुधारले. त्यासाठी प्रोग्रामरची पाच मिनिटे गेली आणि त्याला राजी करण्यात दोन दिवस.

कमांडची पाने त्यांनी कोणतेही जादा शुल्क न घेता पुन्हा करून दिली. पुढील आवृत्तीचे कामही त्यांच्याकडेच दिले आहे. या वेळी फाइलसोबत बटणांच्या नावांची यादी जोडली आहे आणि कमांडच्या ओळींना राखाडी रंग देऊन ‘यात बदल नको’ असे लिहिले आहे. चाचणीसाठीचे लॉगिन मात्र त्यांनी स्वतःहून मागितले.