फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आणि फिजी सॉफ्टवेअर: ओल्या हळदीवर वर्षभर वापरून

मायक्रोस्कोप चांगला आहे, लेन्सा चांगल्या आहेत, वैताग आहे तो फक्त फाइन फोकसच्या नॉबचा, आणि थ्रीडी मोजायचं म्हटलं की सगळं त्या नॉबवरच येऊन थांबतं.

आमचं काम सांगलीच्या हळदीवर. ओल्या हळदीची ब्लेडने पातळ चकती काढायची, पाण्यात माउंट करायची (अल्कोहोल नको, हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कुरकुमीन, त्यात सुटतं) आणि निळा लाइट टाकायचा. कुरकुमीन स्वतःच चमकतं, स्टेनचा, म्हणजे वरून रंग चढवायचा, खर्च शून्य! काळ्याभोर स्क्रीनवर पिवळ्या-हिरव्या पेशी सुट्यासुट्या दिसतात, पहिल्यांदा दिसल्या तेव्हा सगळी लॅब गोळा झाली. घनफळ काढायला नॉब एकेक रेघ फिरवत फोटो घ्यायचे, आमच्याकडं एक रेघ म्हणजे 2 मायक्रॉन.

पण हात काढला की स्टेज आपोआप खाली घसरायचं. डीलर म्हणे अख्खा फोकस ब्लॉक बदला, वर पुण्याहून माणूस येण्याचा चार्ज वेगळा. शेवटी आमच्या लॅबच्या मामांनी मोठ्या नॉबमागची टेन्शनची रिंग आवळली, घसरणं बंद. एवढं डीलरला माहीत नसावं? गिअरमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, मात्र आहेच, म्हणून नॉब एकाच दिशेनं फिरवायचा, मागं आलात तर स्टॅक (एकाखाली एक घेतलेले फोटो) परत पहिल्यापासून.

कॅमेऱ्यासोबत पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर मला आधी सोपं वाटायचं, फिजी (फोटोंवरून मोजमाप करायचं सॉफ्टवेअर) किचकट. आता मत बदललंय. ते सॉफ्टवेअर खोलीचा आकडा कुठला धरतं हे दाखवतच नाही, फुकटच्या फिजीत व्हॉक्सेल डेप्थ, म्हणजे दोन फोटोंमधलं खोलीचं अंतर, आपण स्वतः भरतो. तिथं 2 लिहू नका! लेन्स कोरडी (तिच्यापुढं हवा), नमुना पाण्यात, त्यामुळं फोकस नॉबपेक्षा जास्त सरकतो, साधारण 1.33 पट. 2.66 लिहा, नाहीतर प्रत्येक पेशी पाव हिश्शानं लहान येते. पुढं थ्रीडी ऑब्जेक्ट्स काउंटर, म्हणजे फिजीतलं पेशी मोजायचं टूल, फ्रेमच्या कडेला अर्ध्या आलेल्या पेशी तो वगळतो, ब्लेडनं कापल्या गेलेल्या आपण बघून काढायच्या.

कॉन्फोकल (फक्त फोकसमधल्या थराचाच प्रकाश घेणारा मायक्रोस्कोप) कोटीच्या घरात, ते आपलं काम नाही. त्याच्याशिवाय वरखाली धूसर चमक येते, पेशी उभ्या लांबट दिसतात, म्हणून दोन जातींची तुलना करायला हे चालतं, खरा आकडा म्हणून छापायला नाही.

घेणार असाल तर दुकानातच स्लाइड फोकस करून हात सोडा, दहा मिनिटं थांबा. फोकस हलला तर पैसे देऊ नका.