गावरान कोंबडी की बोकडाचा पाय? स्नायू शिकवायला काय आणावं

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमधून बेडूक गेला, उंदीरही गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांतलं विच्छेदन बंद करायला सांगितलं, आणि झालं ते बरंच झालं. पण स्नायूंचा धडा होता तिथेच आहे. लातूर-नांदेडकडच्या नीटवाल्या पोरांना स्नायूतंतूवरचे ए बँड, आय बँड हे पट्टे झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगतील. टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, मात्र त्यांनी पाहिलेला असतो तो ताटात, तोही न चावणारा म्हणून बाजूला काढून ठेवलेला. त्यामुळे आमच्यासारखे मास्तर शेवटी मटणाच्या दुकानाशी जाऊन उभे राहतात. तिथे बोकडाचा मागचा पाय घ्यायचा की अख्खी कोंबडी, हे ज्यांचं ठरत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही वापरून पाहिलंय.

ॲप आणि बरणी हेही पर्याय आहेत, पण त्यांचा निकाल लवकर लागतो. मोबाइलवरच्या त्रिमितीय ॲपमध्ये माणसाचाच देह असतो, नावं अचूक असतात, पाठांतराला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. अडचण एवढीच, की तिथे फॅशिया एका टिचकीत गायब होतो, आणि खऱ्या विच्छेदनातलं निम्मं काम तो पांढुरका पापुद्रा सोडवण्यातच जातं. फॉर्मॅलिनच्या बरणीतला नमुना टिकतो खरा, पण राखाडी पडतो, ताठरतो, ओढला तर हलत नाही. शिवाय डोळे चुरचुरतात. मे महिन्यात वीज गेली की त्या खोलीत उभं राहवत नाही. फॉर्मॅलिनमधल्या फॉर्माल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच काढलाय. बरणी कपाटात असलेलीच बरी.

आता बोकड. पहिल्या नजरेत त्याचंच पारडं जड वाटतं, आणि ते उगाच नाही. सस्तन प्राणी, म्हणजे आपल्याच गोतातला. मांडीच्या पुढे क्वाड्रिसेप्स, गुडघ्याची वाटी, वाटीखालचा जाड टेंडन, खाली पोटरीला दोन डोक्यांचा गॅस्ट्रोक्नेमियस: पुस्तकातल्या माणसाच्या आकृतीशी बरंचसं नावानिशी जुळतं. आपल्या भागात उस्मानाबादी जातीचा काळा बोकड सहज मिळतो. तरणा असला तर स्नायूंच्या मधल्या फटीत बोट सारत गेलं की पातं न लावताही ते एकमेकांपासून सुटत जातात. मांडीच्या मागच्या स्नायूंमध्ये अंगठा खोल घातला की सायटिक नर्व्ह, पायाची जाड नस, लागते. पोरं तिला हटकून टेंडन म्हणतात. सांगण्यापेक्षा हातात द्यावं: टेंडन चकाकतो, चिमटीत दाबला तरी आकार सोडत नाही आणि शेवटी हाडात रुततो. नर्व्ह मऊ असते, तिला चमक नसते, आणि ती धरून खाली गेलं की तिला दोन फाटे फुटतात. हा धडा कोंबडीतही देता येतो, पण बोकडात तो मागच्या बाकावरूनही दिसतो.

मग अडतं कुठे? सत्तुरापाशी.

बोकड पहाटेच कापलेला असतो. आपण नऊ-दहाला पोचतो तोवर तो सोलून, टाचेमागच्या टेंडनमध्ये आकडा घालून टांगलेला, किंवा खाली उतरवून निम्मा विकलेला. खूर तर पाया करणाऱ्यांसाठी केव्हाच वेगळे निघालेले. हातात येतो तो पाय गुबगुबीत असतो, पण त्यातल्या पोटरीच्या स्नायूंना हलवायला पुढचं हाडच उरलेलं नसतं. स्नायू ओढा, काहीही घडत नाही. कंकाल स्नायू हाडाला हलवतो हे शिकवायला पाय आणला, आणि नेमकं तेच त्यात दिसत नाही! आदल्या दिवशी सांगून ठेवलं तरी भरवसा नाही. ‘सर, अख्खा ठेवतो की,’ म्हणतात आणि सकाळच्या गर्दीत सवयीचा हात चालून जातो. त्यात त्यांचं तरी काय चुकलं, बुधवारच्या रांगेत एका मास्तरासाठी कोण थांबेल? एकदा टेंडन मधोमध तुटला की त्या पायाचं माझ्या लेखी मटणच झालं.

त्यात भर ताठरपणाची. प्राणी मेला की एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, संपत जातो, आणि एटीपीशिवाय स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला धरलेली पकड सोडू शकत नाही. पहाटे कापलेल्या बोकडाचा पाय माझ्या अनुभवात नेमका प्रॅक्टिकलच्या वेळेला ताठ असतो. फळ्यावर शिकवायला ही गोष्ट उत्तम, गुडघा वाकवून दाखवायला मात्र वैताग.

कोंबडी आपल्यासमोर कापतात. माझ्यापुरता निकाल या एका गोष्टीवर लागला. ‘पंजे तोडू नका, पंख राहू द्या, तुकडे करू नका,’ एवढं तिथेच उभं राहून सांगितलं की तसंच मिळतं. आणि मग तंगडीवरची कातडी सोलून मागच्या टेंडनांचा जुडगा चिमट्यात धरून ओढला की पंजा मिटतो. पुढचा टेंडन ओढला की उघडतो. परस्परविरोधी स्नायूंची जोडी म्हणजे काय, हे त्यानंतर सांगावं लागत नाही; पोरं पाळीपाळीने ओढत बसतात.

खरी मजा छातीत आहे. छातीच्या हाडाच्या उंच कण्यालगत पातं फिरवून वरचा मोठा पेक्टोरॅलिस उचलायचा. तो पंख खाली ओढतो, हे कुणीही सांगेल. त्याच्याखाली निमुळता, वेगळा सुटणारा दुसरा स्नायू लागतो, सुप्राकोराकॉइडियस. हा काय करत असेल, असं वर्गाला विचारावं. छातीत खाली आहे म्हणजे हाही पंख खालीच ओढणार, असं उत्तर येतं. मग तो हळूच ओढायचा, आणि पंख वर उचलला जातो. त्याचा टेंडन खांद्याच्या तीन हाडांमधल्या भोकातून वर निघून दंडाच्या हाडाला वरच्या अंगाने चिकटतो. आडावरच्या कप्पीसारखं काम. बोकडात असं दाखवण्यासारखं मला तरी काही सापडलं नाही.

स्नायूंचे तिन्ही प्रकार एकाच कोंबडीत मिळतात, हाही हिशेब धरा. तंगडी आणि छाती कंकाल स्नायूंना, काळीज हृदय स्नायूला, आणि कलेजीबरोबर जो पेटा मिळतो, पुस्तकातली पेषणी, तो अरेखित, म्हणजे आडवे पट्टे नसलेल्या, स्नायूला. बोकडाच्या बाबतीत यासाठी वजडी वेगळी घ्यावी लागते, आणि ती धुण्याचं काम कुणाकडे जातं हे सांगायला नको. पेटा उभा चिरून बाजूबाजूला छातीचा तुकडा ठेवा. छाती ऐच्छिक असून फिकी, पेटा अनैच्छिक असून गडद लाल. रंगावरून प्रकार ओळखायला निघालेली पोरं इथे थबकतात. रंग मायोग्लोबिनचा, म्हणजे स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या लाल प्रथिनाचा, रेखित की अरेखित याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकच लागतो: तंगडीचा उकडलेला तुकडा दोन सुयांनी पिंजायचा, मिथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकायचा आणि ४०० पटीवर पाहायचा. उकडल्याने तंतूंना बांधून ठेवणारं कोलॅजन विरघळतं, तंतू सुटे होतात, आणि आडवे पट्टे कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात. काळजाचे फांद्याफांद्यांचे तंतू असे नीट सुटत नाहीत, तिथे तयार स्लाइडच घ्यावी.

कोंबडीच्या विरोधात बोलायचं तर बोलता येतं. नावं जुळत नाहीत. गॅस्ट्रोक्नेमियसला आपल्यासारखी दोन नाही, तीन डोकी. गुडघा म्हणून पोरं बोट ठेवतात तो घोटा निघतो. त्यामुळे फिजिओथेरपी किंवा नर्सिंगच्या मुलांसाठी विचाराल तर मी बोकडाकडे झुकेन, पाय अख्खा मिळवून देणारा ओळखीचा माणूस असेल तरच. एमबीबीएसला लागलेल्यांचा प्रश्नच वेगळा, त्यांच्यासाठी मानवी देह आहे. त्याला यातलं काहीच पर्याय नाही.

ब्रॉयलर की गावरान, हेही विचारतात. ब्रॉयलर स्वस्त, छाती भरदार, सुप्राकोराकॉइडियस मोठा. तेवढ्यापुरतं त्याने भागतं. पण सहा-सात आठवड्यांचं पोर ते. हाडांची टोकं अजून कूर्चेची, मांस ओलं, फॅशिया ओढला की स्नायूसकट फाटतो. गावरान चिवट असते, आणि इथे चिवटपणाच कामाला येतो: टेंडन तुटत नाहीत, तंगडी गडद आणि छाती फिकी हा फरक ठळक दिसतो. खिशाला चाट बसते, पण चौघांत एक पुरते.

दिवस बघून ठेवा. सोमवार, गुरुवार, शनिवार नको, एकादशी नको, श्रावणात तर विषयच काढू नका. वर्गात माळकरी घरातली मुलं असतात. त्यांना हात लावायला सांगू नये, आकृती आणि ॲपवर काम द्यावं, गुण तेवढेच द्यावेत. कॉलेजची परवानगी मात्र आधी घ्या. उन्हाळ्यात दुकानातून निघतानाच बर्फाची पिशवी सोबत ठेवा, त्याच दिवशी काम उरका, हात आणि ट्रे साबणाने नीट धुवायला लावा. ‘सर, याचं आता काय करणार?’ असं शेवटी कुणीतरी विचारतंच, अर्ध्या आशेने. प्रयोगशाळेच्या टेबलावर पडलेलं चुलीवर चढवायचं नाही. खड्डा करून पुरायचं, वर थोडा चुना टाकायचा, नाहीतर रात्री कुत्री उकरतात.