‘सॉफ्टवेअर बॅकअप’ नावाची थाप

लॅपटॉप फॉरमॅटला दिला की काही दुकानांच्या बिलात दोन वेगळ्या रकमा येतात: डेटा बॅकअप आणि सॉफ्टवेअर बॅकअप. पहिली रास्त. दुसरीपासून सावध राहा. इथली फसवणूक महिनोन्‌महिने कळत नाही, कारण परत आलेल्या मशीनवर वर्ड, एक्सेल, फोटोशॉप सगळं जागच्या जागी दिसतं.

होतं ते असं. गिऱ्हाइकासमोर सी ड्राइव्हमधलं ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं जातं. जीबीचा मोठा आकडा बघून माणूस निर्धास्त होतो. पण ते फोल्डर परत ठेवून ऑफिस किंवा फोटोशॉप चालत नाही. इन्स्टॉल होताना त्यांनी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, नोंदी केलेल्या असतात, ‘प्रोग्रॅम डेटा’ आणि ‘ॲप डेटा’मध्ये फायली टाकलेल्या असतात, सर्व्हिसेस (मागे चालत राहणारे छोटे प्रोग्रॅम) बसवलेल्या असतात. फॉरमॅटमध्ये ते सारं जातं. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. तो ती कॉपी बाजूला सारतो, पेनड्राइव्हवरची क्रॅक, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारी चोरटी प्रत, टाकतो आणि ‘तुमचंच परत टाकलं’ म्हणून पैसे घेतो.

विंडोजचंही तेच. विंडोज ८ किंवा त्यानंतरची आवृत्ती कंपनीतूनच घेऊन आलेल्या लॅपटॉपची ‘की’, म्हणजे परवान्याचा क्रमांक, बहुधा मदरबोर्डमध्येच असते. तीच एडिशन टाकली आणि इंटरनेट जोडलं की ॲक्टिव्हेशन आपोआप होतं, वेगळे पैसे लागत नाहीत. मूळ असते ‘होम सिंगल लँग्वेज’. दुकानात टाकतात ‘प्रो’. मग मूळ की जुळत नाही आणि क्रॅक लावावी लागते. म्हणून देण्याआधी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथल्या एडिशनचा फोटो काढा आणि घेताना ताडून बघा. लॅपटॉपसोबत आलेलं ‘होम अँड स्टुडंट’ ऑफिस तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असतं, तिथून ते फुकट पुन्हा उतरवता येतं. वर्डच्या फाइल, अकाउंटमध्ये त्याऐवजी ‘प्रोफेशनल प्लस’ दिसलं तर माल बदललाय.

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून एस-एल-एम-जी-आर, स्पेस, तिरकी रेघ (/), एक्स-पी-आर टाइप करा आणि एंटर दाबा; विंडोजचं ॲक्टिव्हेशन कुठवर आहे ते दिसतं. घरच्या मशीनवर मुदतीची तारीख आली तर क्रॅकचा संशय घ्याच. मात्र ‘कायमचं ॲक्टिव्हेट’ दिसलं म्हणून खरंच असेल असं नाही, काही क्रॅक तेही दाखवतात. विंडोज सिक्युरिटीतल्या (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमधल्या) एक्सक्लूजन्सची यादीही उघडा. क्रॅक पकडली जाऊ नये म्हणून अख्खा सी ड्राइव्हच तपासणीतून वगळलेला सापडतो, आणि खरा धोका हाच. त्याच मशीनवर तुम्ही नेटबँकिंग करणार असता.

ॲप्लिकेशनचा खरा बॅकअप म्हणजे मूळ इन्स्टॉलर, लायसन्स की आणि ती ज्या खात्याला जोडली आहे त्याचा ईमेल. टॅली असेल तर फॉरमॅटआधी लायसन्स सरेंडर करा, नाहीतर नव्याने ॲक्टिव्हेट करताना अडू शकतं. टॅलीचा डेटा कुठे आहे ते कंपनी निवडण्याच्या स्क्रीनवर दिसतं. तिथले आकड्यांच्या नावाचे फोल्डर पूर्ण उचला. आउटलुकची पीएसटी फाइल (ईमेल साठवलेली फाइल) डॉक्युमेंट्समध्ये शोधा. डीटीपीवाल्यांनी (संगणकावर छपाईची जुळणी करणाऱ्यांनी) विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले जुने नॉन-युनिकोड मराठी फॉन्ट आधी कॉपी करून ठेवावेत. ते गेले की वर्षानुवर्षांच्या फायलींत नुसती अगम्य अक्षरं दिसतात. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा; नाहीतर डी ड्राइव्हही उघडणार नाही.

सगळं आहे तसंच हवं असेल तर क्लोनझिलासारख्या साधनाने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेता येते. पण व्हायरस किंवा बिघडलेल्या विंडोजमुळे फॉरमॅट करत असाल, तर ती इमेज परत टाकल्यावर दुखणंही परत येतं. काही दुकानं हिचेही पैसे लावतात आणि टाकतात मात्र कोरी विंडोज.

बिलावर विंडोजची एडिशन आणि प्रत्येक सॉफ्टवेअरचं नाव लिहून मागा. खरं काम करणारा लिहून देतो. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना हेच बिल आणि आधी काढलेले फोटो उपयोगी पडतात.