टेली मानस १४४१६ : धीर येतो, उपचार नव्हे

पाणी तुंबलंय, लोकल बंद, घरचं माणूस कुठे अडकलंय कळत नाही आणि छातीत धडधड. अशा रात्री हाताशी असावी अशी मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा म्हणजे टेली मानस. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, चोवीस तास. १४४१६ लागला नाही तर १८००-८९-१४४१६.

सुरुवातीला भाषा विचारतात, मराठी घ्या. मग समुपदेशक बोलतो, गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. फोनआधी तीन ओळी लिहून ठेवा : त्रास कधीपासून, झोप किती, गोळ्या कोणत्या. नाहीतर घाबरलेलं माणूस पहिली पाच मिनिटं पावसावरच बोलतं! चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत मोकळं बोलता येत नाही, तेव्हा इयरफोन लावून जिना गाठा.

खोट एकच, पण मोठी : पुढच्या वेळी तोच माणूस मिळेल असं धरून चालू नका. कहाणी पुन्हा सांगायची तयारी हवी. त्रास आठवडे टिकला तर मुंबईत केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत सकाळी लवकर केसपेपर काढा.

फोन लागेपर्यंत नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. जोरजोरात श्वास ओढलात तर चक्कर आणि बोटांना मुंग्या येतात, भीती आणखी वाढते. बातम्या सकाळ-संध्याकाळ एकेकदाच. सोसायटीच्या ग्रुपवरचे फॉरवर्ड तर मुळीच नकोत. छातीत दुखून घाम फुटला, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार पक्का होतोय असं वाटलं, तर थेट आपत्कालीन क्रमांक ११२.