४१,७०० रुपये घालवून बसलोय, कस्टम लूप घेणाऱ्यांनी वाचा

कस्टम लूप म्हणजे सुटे भाग जोडून कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायची सोय. विकणाऱ्याने डेमो दाखवला तेव्हा नागपूरचा मे महिना, एसी बंद, खोलीत ३८ अंश. आणि डिस्प्लेवर कूलंटचं, म्हणजे लूपमधल्या पाण्याचं, तापमान २९! रेडिएटर पाण्यातली उष्णता खोलीच्या हवेत सोडतो, त्यामुळे पाणी हवेपेक्षा थंड होणंच शक्य नाही. लोडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर ताण असताना, ४५-४८ दिसायला हवं होतं. तिथेच उठायला हवं होतं. त्याने माझ्यासमोर पंपाचा नॉब ५ वरून १ वर आणला, आवाज उतरला, पण फ्लो तासाला २४० लिटरच! आठवलं की अजून डोकं फिरतं.

मी अडाणी नाही. पण तो डेल्टा-टी, डी-५ पंप, स्टॅटिक प्रेशर असं सफाईने बोलत होता, मागच्या बिल्डचे फोटो दाखवत होता. अशा वेळी खोलीच्या तापमानाशी ताळा कोण करत बसतं? २०,००० यूपीआयने आगाऊ, १८,५०० रोख, वर ३,२०० जोडणीचे.

पुढे गेम चालू केली की प्रोसेसर ९५ ला भिडायचा. फिटिंगजवळची पीईटीजी प्लास्टिकची नळी मऊ पडून वाकली. डिस्प्ले मात्र २९ वरच. लूप उघडला तर सेन्सरची वायर कुठेच जोडलेली नाही, नुसते छापील आकडे पेटत होते. पंपावर डी-५ चं फक्त स्टिकर. ‘फुल कॉपर’ रेडिएटर चक्क अ‍ॅल्युमिनियमचा! तांब्याच्या ब्लॉकसोबत (चिपवर बसणारा, आतून पाणी फिरणारा ठोकळा) तो एकाच पाण्यात आला की अ‍ॅल्युमिनियम गंजतं. माझ्या ९,८०० च्या जीपीयू (ग्राफिक्स चिप) ब्लॉकच्या बारीक खाचा त्या पांढऱ्या गाळाने बुजल्या.

रेडिएटर घेताना पोर्टजवळचा रंग जरासा खरवडून बघा. पितळेचा पिवळा किंवा तांब्याचा तांबूस रंग दिसला पाहिजे. विकणारा नाही म्हणाला तर निघा.

पोलीस ठाण्यात काय ऐकलं? “माल मिळाला ना? मग हा दिवाणी वाद आहे.” अहो, तांबं सांगून अ‍ॅल्युमिनियम विकलं, न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आणखी कशासाठी आहे? “सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले, माल समोर बघून घेतलाय, हे आमच्याकडे येत नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. पुन्हा ठाण्यात गेलो तर गंजलेला रेडिएटर हातात घेऊन विचारतात, “कॉम्प्युटर चालू होतो ना?” पंख्यावर चालतोय, म्हणून माझे पैसे बुडाले नाहीत का? अर्जाची पोच द्यायलाही कोणी तयार नाही! ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, पण नोटीस पाठवायची कुठे? बिलावरचा पत्ता खोटा, फोन बंद.

जीएसटी क्रमांक नसलेलं बिल घेऊ नका, आणि क्रमांक असेल तर तो पोर्टलवर तिथेच तपासा. आगाऊ रक्कम देऊ नका. डेमोत पंप कमी-जास्त करायला लावा, फ्लो हलला पाहिजे. कूलंटचा सेन्सर उपटायला सांगा. तरीही आकडा तसाच राहिला तर एक रुपयाही काढू नका.